प्रलयाच्या शनिवारी उमरेडला

जगाचा शेवट कधी होणार, हे आमच्या गल्लीत सगळ्यात आधी विश्वनाथ भाऊजींना कळलं. चोवीस मे, शनिवार. त्या दिवसापासून तीन दिवस पृथ्वीवर अंधार, वीज बंद, फोन बंद, आणि त्यानंतर कोण उरेल ते देवाच्या हातात. हे सगळं त्यांनी मला फाटकाशी उभं राहून, एका हातात दुधाची पिशवी धरून, अगदी शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, "भाऊजी, आधी दूध घरात ठेवा. ऊन पाहा किती आहे."

मी माया. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाले. नागपूरच्या मानेवाड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. भाऊजींची बायको उत्तरा माझी वीस वर्षांची मैत्रीण, म्हणून ते माझे भाऊजी. माझे हे जाऊन अकरा वर्षं झाली, मी एकटीच असते, त्यामुळे माझा निम्मा दिवस त्यांच्याच घरात जातो. आमच्याकडे छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात पंचांग आलं नाही. जिनं स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त पाहिला नाही, ती प्रलयाचा काय पाहणार?

आणि प्रलय मला काही नवे नाहीत. मी जेमतेम वर्षाची होते तेव्हा आठ ग्रह एका राशीत येऊन जग बुडणार होतं, असं वडील सांगायचे. मी त्यातून व्यवस्थित मोठी झाले. एकोणऐंशी साली आकाशातून स्कायलॅब पडणार होतं. मौद्याजवळच्या खेड्यात आमचे कवडूमामा राहायचे. मरायचंच आहे तर उपाशी काहून मरायचं, म्हणून त्यांनी घरचा एकुलता एक कोंबडा कापून खाल्ला. स्कायलॅब कुठेतरी लांब पडलं आणि मामांना पहाटे उठवायला कोणी राहिलं नाही. दोन हजार बारा साली तर प्रलयाची तारीख चक्क माझ्या नावाच्या लोकांच्या कॅलेंडरातून निघाली. नववीतली पोरं विचारायची, मॅडम, प्रॅक्टिकलच्या वह्या पूर्ण करायच्या का? मी म्हणायचे, करा. प्रलय आला तर तपासणार नाही, नाही आला तर तपासीन.

पण भाऊजी भोळे नव्हेत. विजेच्या कामात त्यांनी तेहतीस वर्षं काढली, सगळी सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून. दर तासाला मीटर पाहायचे आणि वहीत आकडे लिहायचे, हे त्यांचं काम. रात्रपाळीत कोणी पाहत नसतानाही त्यांनी कधी अंदाजानं आकडा लिहिला नाही, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगतात. कितीही चांगली लाइन असली तरी ती कधीतरी जाते, यावर त्यांचा ठाम विश्वास. "जाणार नाही असं जो म्हणते त्याले ड्युटी द्यायची नाही," असं ते म्हणायचे. असा माणूस मोबाइलवर एका भगव्या उपरण्यातल्या गृहस्थाचे व्हिडिओ पाहून जगबुडीची तयारी करायला लागतो, तेव्हा त्याच्या डोक्यात काही बिघडलेलं नसतं. दुसरंच कुठेतरी दुखत असतं. हे मला कळायला जरा उशीर झाला, ते मी इथे कबूल करते.

उत्तराच्या दोन्ही किडन्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा धंतोलीतल्या एका दवाखान्यात डायलिसिस. सकाळी सातला मशीनवर आणि अकराला मोकळी. नवीन किडनीसाठी यादीत नाव आहे, पण यादी लांब आणि उत्तराचं हृदय अशक्त. डॉक्टरांनी आम्हाला खोटं काही सांगितलं नाही. वर्षं म्हणाले, पण किती ते बोलले नाहीत.

त्या दिवसापासून भाऊजींची वही पुन्हा सुरू झाली. उत्तराचं वजन, रक्तदाब, दिवसात किती पाणी प्यायलं. तिला दिवसाला एक लिटरच्या वर पाणी चालत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात एक लिटर म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. तिच्या डाव्या हातात, मनगटाच्या वर, डायलिसिससाठी ऑपरेशन करून एक शीर जोडलेली आहे. तिच्यावर बोट ठेवलं की आत बारीक थरथर लागते. ती थरथर लागते तोवर मशीनची सुई चालते. भाऊजी रोज सकाळी उठल्याबरोबर तिथे दोन बोटं ठेवतात आणि मगच दात घासायला जातात.

एप्रिलपासून त्यांच्या मागच्या खोलीत सामान जमायला लागलं. तांदूळ, मेणबत्त्या, काडेपेट्या, दोरी, औषधांचे खोके. शिवाय झाकणाचे सहा निळे ड्रम, पाण्यानं काठोकाठ भरलेले. दर रविवारी ते जुनं पाणी कूलरमध्ये आणि झाडांना घालायचे आणि ताजं भरायचे. आमच्या गल्लीत नळ दिवसाआड येतो, तेव्हा या ड्रमांवरून लोक कुरकुरायचे. मीही पुष्कळ थट्टा केली. प्रलयाच्या पाण्यावर चाललेल्या कूलरची हवा जरा जास्तच गार लागते, असं मी चार लोकांत म्हटलं. भाऊजी हसले. त्यात मे लागताच टीव्हीवर सायरनच्या आणि ब्लॅकआउटच्या सरावाच्या बातम्या सुरू झाल्या. मग तर त्यांना पुरावाच मिळाला.

इथवर सगळं थट्टेत चाललं असतं. पण गार्गीच्या लग्नाची तारीख निघाली, आणि ती निघाली चोवीस मे.

गार्गी ही उत्तराच्या भावाची, सुमंतची, मुलगी. उमरेडला राहतात ते. गार्गीच्या बारशाला आत्या म्हणून तिच्या कानात नाव सांगितलं ते उत्तरानं. दहावीनंतर कॉलेजसाठी ती इथे आली आणि सात वर्षं याच घरात राहिली. उत्तरा-भाऊजींना मूलबाळ नाही. तेव्हा गार्गी कोण होती ते वेगळं सांगायला नको. आणि गंमत अशी की वार उत्तराच्या सोयीचा होता. शुक्रवारी डायलिसिस झालं की सोमवारपर्यंत मधले दोन दिवस मोकळे. तीन वर्षांत ती धंतोलीपलीकडे कुठे गेली नव्हती. तिला त्या लग्नाला जायचं होतं. तिनं तोंडानं एवढंच म्हटलं, "मले गार्गीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या आहेत." यापेक्षा मोठी मागणी तिनं तीन वर्षांत केली नव्हती.

भाऊजी नाही म्हणाले.

ओरडून नाही, चिडून नाही. उमरेड पन्नास किलोमीटर आहे, दवाखाना इथे आहे, त्या दिवशी लाइट गेली तर आपण दवाखान्यापासून लांब नको, एवढंच. उत्तरानं वाद घातला नाही. तिनं कपाटातून जांभळी पैठणी काढून पलंगावर ठेवली होती. ती तिनं घडीवर हात फिरवून परत आत ठेवली. मी हे दारातून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

मी तडक मागच्या खोलीत गेले. भाऊजी ड्रमांवर खडूनं तारखा लिहीत होते. मी त्यांना म्हटलं, "काय लावलंय हे? त्या उपरण्यावाल्याचं खोटं ठरलं तर त्याचं काय जाणार? पुढची तारीख काढेल. हिच्या हातून हे लग्न गेलं तर गार्गी काय पुन्हा लग्न करणार आहे?"

"अन् खरं ठरलं तर?"

"नाही ठरत. आजवर एकही ठरलेलं नाही. मी तुम्हाला यादी देते."

"लाइन जाणार नाही असं तुम्ही लिहून देता का, मॅडम?"

"लाइन गेली तर दवाखान्यात जनरेटर आहे."

"पाहून आलो. आठ तासाचं डिझेल राहते. वॉचमननं हाकललं मले."

मला हसूही आलं आणि राग तर होताच. मी ड्रमावर हात आपटून म्हटलं, "आणि हे कशाला? जिला दिवसाला लिटरच्या वर पाणी चालत नाही तिच्या घरात हजार लिटर पाणी! पोहणार आहात का त्यात?"

भाऊजी खडू खाली ठेवून स्टुलावर बसले. म्हणाले, "एका डायलिसिसले सव्वाशे लिटर पाणी लागते. मशीनले. अंकुशनं सांगितलं." अंकुश हा दवाखान्यातला मशीन चालवणारा तंत्रज्ञ. "एका ड्रमात दीडशे भरतो, थोडं सांडलं तरी पुरते. सहा ड्रम, सहा वेळा. दोन आठवडे निघतात."

माझ्या डोक्यात विज्ञान चालूच होतं. शुद्ध केल्याशिवाय नळाचं पाणी त्या मशीनला चालत नाही, हे मला माहीत होतं. मशीन घरी आणता येत नाही. आणता आलं तरी विजेशिवाय ते चालणार कसं? मी हळूच म्हटलं, "भाऊजी, पण हे पाणी..."

"चालत नाही," ते म्हणाले. "अंकुशनं तेही सांगितलं. पहिलाच ड्रम भरला होता तवा."

"मग बाकीचे पाच?"

"भरले. हात रिकामे ठेवून बसवत नाही मॅडम मले. ती रात्रभर जागी राहते, तहानेनं. मी काय करू मंग? पाणी तरी भरतो."

मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी खिडकीकडे पाहत राहिले. इतके दिवस मी ज्या गोष्टीची थट्टा केली, तिच्यात त्यांनी स्वतःसाठी काही म्हणजे काहीच ठेवलं नव्हतं. खोक्यांतली औषधं तिची. तांदूळ तिचे, कारण डाळ तिला बेतानंच. त्यांना स्वतःला वरणाशिवाय घास उतरत नाही, आणि त्या खोलीत किलोभरही डाळ नव्हती.

उत्तरा केव्हा येऊन दारात उभी राहिली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. भिंतीला हात टेकून ती म्हणाली, "अहो, तुम्ही मले तीन दिवस वाचवून राहिले, ते मले समजते. पण त्या तीन दिवसांचं मी काय करू? या पलंगावरच बसून राहू ना? मले तुमचे तीन दिवस नको. मले शनिवार पाहिजे."

भाऊजी बोटांना लागलेला खडू पुसत राहिले.

"जग राहीन का नाही, मले नाही माहीत," ती म्हणाली. "मी दिवाळीले राहीन का नाही, तेही नाही माहीत. शनिवार समोर दिसते मले. तो देऊन टाका."

मग ती माझ्याकडे वळली. "अन् तू काहून भांडतं वं त्यांच्याशी? चहा ठेव जा."

मी चहा ठेवायला गेले. माझा आवाज मोठा असेल, पण उत्तराच्या घरात शेवटचा शब्द नेहमी उत्तराचा असतो. चहा घेऊन आले तेव्हा भाऊजी वहीत उमरेडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यांची नावं लिहीत होते. आम्ही जाणार होतो.

शनिवारी दुपारी चारला माझ्या जुन्या गाडीतून निघालो. मी गाडी चालवत होते, उत्तरा जांभळी पैठणी नेसून मागे बसली होती, आणि भाऊजींच्या पायाशी दोन टॉर्च, बर्फाचा थर्मास, रक्तदाबाचं यंत्र आणि कसली कसली पिशवी. ऊन अजून डोळ्यांत खुपत होतं. भाऊजी खिडकीतून एकेक खांब पाहत होते. मधेच म्हणाले, "अजून लाइन चालू आहे." मी म्हटलं, "सूर्यही चालू आहे, भाऊजी." उत्तरा तोंडावर पदर धरून हसली.

लग्न सुमंतच्या घरासमोरच्या मैदानात होतं. गार्गीनं आम्हाला पाहिलं आणि नवरीच्या वेषात, मुंडावळ्या सावरत, धावतच आली. आत्याला मिठी मारताना तिनं डावा हात जपला, तिला सवय होती. दोघी रडल्या. मी आणि भाऊजी उगाच मंडपाच्या कापडाकडे पाहत उभे राहिलो. उत्तराला पहिल्या रांगेत, मोठ्या कूलरसमोर खुर्ची मिळाली. भाऊजी तिच्या शेजारी, मी पलीकडे.

गोरज मुहूर्त होता. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि तिसऱ्या मंगलाष्टकाला लाइट गेली.

कूलर थांबले, दिवे विझले, लाऊडस्पीकर मुका झाला. संध्याकाळ पार उतरली होती, त्यामुळे मंडपात चांगलाच अंधार पडला. कोणीतरी बाई "अगं बाई" म्हणाली. माझ्या, तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माझ्या छातीत एकदा धडधड झाली, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. भटजी मात्र थांबले नाहीत. तशाच उघड्या आवाजात त्यांनी पुढची ओळ म्हटली.

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी अंधार होताच उत्तराचा डावा हात धरला होता आणि त्या शिरेवर दोन बोटं ठेवली होती. ती थरथर लागली असणार, कारण त्यांचा चेहरा निवळला. मग त्यांनी मान वर करून मंडपाबाहेर पाहिलं. समोरच्या घरांच्या खिडक्यांत उजेड होता. "इथलंच गेलं," ते पुटपुटले. "सगळे कूलर एकाच फेजवर टाकले असतील या डेकोरेशनवाल्यानं. कटआउट उडालं."

"मग जाऊन सांगा ना त्याला," मी म्हटलं.

लाइट गेली की ताटावरून उठून धावणारा माणूस तो. तेहतीस वर्षं त्यानं तेच केलं. त्या संध्याकाळी मात्र ते उठले नाहीत. "करीन तो," म्हणाले, आणि हात सोडला नाही.

लोकांनी मोबाइलचे उजेड लावले. शंभर-दीडशे उजेडांत गार्गीचा चेहरा नीट दिसत होता. उत्तरा उभी राहिली. उजव्या हातानं तिनं अक्षता टाकल्या, प्रत्येक कडव्याला, एकही न चुकवता. डावा हात भाऊजींच्या हातातच होता, म्हणून तेही उभे राहिले. शेवटच्या "सावधान"च्या आधीच डेकोरेशनवाल्यानं फ्यूजची तार बदलली आणि दिवे आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. उत्तरानं त्या रात्री पुरी, बुंदी आणि अर्धा पेला मठ्ठा घेतला. रविवारी सकाळी गार्गीला निरोप देऊन आम्ही परत आलो. सोमवारी डायलिसिस वेळेवर झालं. मंगळवारी नळ आला.

बुधवारी मी त्यांच्याबरोबर धंतोलीला गेले. उत्तरा आत मशीनवर होती. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी गोंदियाहून आलेलं एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. जगबुडीचे तीन दिवस सरले होते आणि मला माझा विजय साजरा करायचा होता. सकाळीच त्या उपरण्यावाल्याचा नवा व्हिडिओ आला होता. गणित बरोबरच होतं म्हणे, पण भक्तांच्या प्रार्थनेमुळे संकट नोव्हेंबरवर गेलं.

"पाहिलात का, भाऊजी? आता नोव्हेंबर."

"पाहिला," ते म्हणाले. "बंद केला मंग."

"चला. सुटलात तुम्ही. काही झालं नाही."

"नाही झालं," ते म्हणाले. त्या आवाजात सुटका नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते बंद दाराकडे पाहत होते, ज्याच्या आत उत्तरा होती.

"खरं सांगू का, मॅडम? तयारी करता करता मले मधूनच वाटे, होऊनच जावं. सगळ्यांचं एकदम. मंग कोणाले मागं राहायचं काम नाही." "जग बुडायची भीती नव्हती मले. ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी येईन. गाणं वाजवत येईन. सगळं चालूच राहीन. त्याची तयारी कशी करतात, ते कोणत्याच व्हिडिओत नाही."

वर्गात पोरांनी विचारलेल्या प्रश्नाला मी कधी "माहीत नाही" म्हटलं नव्हतं. आणि या प्रश्नाचं उत्तर मला खरंच माहीत होतं. अकरा वर्षांत ते कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"गाडी येते, भाऊजी," मी म्हटलं. "हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली होती. मी पलंगावरून उठलेच नाही. गाणं गल्लीच्या टोकापर्यंत आलं तेव्हा मागचं दार वाजलं. उत्तरा होती. काही बोलली नाही. माझी बादली उचलली, गाडीत रिकामी केली, धुऊन परत ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. महिनाभर माझा कचरा तिनं नेला."

"मले नव्हतं सांगितलं तिनं," ते म्हणाले.

"मलाही कधी बोलून दाखवलं नाही." "तुमची बादली मी नेईन, भाऊजी. महिनाभर नाही, तुम्ही स्वतः उठाल तोवर. एवढीच तयारी असते. दुसरी कोणाकडेच नाही."

भाऊजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला. गोंदियाच्या बाईनं न विचारता तिच्या डब्यातली एक एक पोळी आमच्या दोघांच्या हातावर ठेवली. अकरा वाजायला अजून वेळ होता. आम्ही पोळी खात उत्तराची वाट पाहत बसलो.